निर्वासितांचं स्वागत करायचंय? आधी ती कपड्यांची पिशवी खाली ठेवा

जुने कपडे गोळा करून आणू नका. निदान विचारल्याशिवाय तरी नको. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘रेफ्युजींसाठी काहीतरी करूया’ असं लिहिलं, की चार दिवसांत कुणाच्या तरी गॅरेजमध्ये काळ्या पिशव्यांचा ढीग लागतो. त्यात एकदाच घातलेली शेरवानी, ऑफिसचे ब्लेझर, बाळाची झबली आणि डबल एक्सेल मापाचे कोट. इथे आश्रय मागायला येणाऱ्या मोठ्या माणसांत तरुण पुरुष जास्त. वाळवंट आणि समुद्र पार करून आलेला सुदानी किंवा इरिट्रियन पोरगा त्या कोटात दोनदा मावेल. त्याला हवं असतं स्मॉल किंवा मीडियम मापाचं पावसाचं जॅकेट, युरोपियन मापाने बेचाळीस नंबरचे धड बूट आणि कोरे करकरीत मोजे-बनियन.

आणि चाकांची बॅग. घर बदलायचा निरोप आला की या लोकांना लगोलग निघावं लागतं, आणि मग सगळा संसार कचऱ्याच्या पिशवीत भरून लोक बसस्टॉपवर उभे दिसतात. भारतात येजा करणाऱ्या प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावर तेवीस किलोवाल्या तीन-चार बॅगा धूळ खात असतात. त्या पुसून आणा.

मी मूळची कोल्हापूरची. शेफील्डमध्ये फार्मासिस्ट आहे आणि आठवड्यातली एक दुपार इथल्या ड्रॉप-इनला देते. ड्रॉप-इन म्हणजे एक हॉल, चहा, चार टेबलं आणि ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं अशी वेळ. ‘आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातले नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स, स्कॉटलंडमध्ये काही बाबतींत वेगळे असतात, आणि होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, ते बदलतही राहतं. म्हणून काही करण्याआधी ताजं तपासा.

समोरचा माणूस कुठल्या अवस्थेत आहे

ज्याचा आश्रयाचा अर्ज अजून लटकलेला आहे तो असायलम सीकर. अर्ज मंजूर झाला की ‘स्टेटस मिळालं’ म्हणतात आणि तो रेफ्युजी होतो. दोघांचे प्रश्न अगदी वेगळे, म्हणून हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

अर्ज लटकलेला असताना नोकरी करता येत नाही. स्वतःचा दोष नसताना निकालाला बारा महिन्यांवर लागले तर कामाची परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्याच कामांची. कुठल्या शहरात राहायचं हे निवडता येत नाही; १९९९च्या कायद्यापासून लोकांना देशभर पांगवून ठेवतात. खर्चाला सरकारकडून, स्वयंपाकाची सोय असलेल्या घरात असेल तर २०२४ साली ठरलेल्या दराने आठवड्याला ४९.१८ पौंड. सरकारने जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलं असेल तर दहा पौंडांच्याही आत. आता इंग्लंडमध्ये बसच्या एका फेरीला २०२५पासून ३ पौंडांपर्यंत पडतात. हॉटेलातल्या माणसाने तुमच्या कार्यक्रमाला यायचं-जायचं ठरवलं तर आठवड्याचा निम्म्याहून जास्त पैसा बसमध्ये गेला. म्हणून ड्रॉप-इनचा पहिला खर्च बिस्किटांचा नाही, बसभाड्याचा. दारातच तिकीट बघून भाडं हातात द्यायचं, रोख. पैसे जमवणार असाल तर यासाठी जमवा. भाडं मिळतं हे कळलं की माणसं येतात.

नवी संस्था काढू नका

आपल्या लोकांना अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. पण इथे बहुतेक शहरांत आधीपासून कुणीतरी काम करतंय. ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ ही चळवळ २००५ साली आमच्या शेफील्डमध्येच सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत इंदरजित भोगल होते: केनियात शीख घरात जन्मलेले, पुढे मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झालेले. २००७मध्ये महापालिकेच्या पाठिंब्याने शेफील्ड देशातलं पहिलं ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ ठरलं, आणि आज ब्रिटनभर गावोगावी असे गट आहेत. तुमच्या गावचा गट शोधा आणि त्यांना एकच विचारा: तुमच्याकडे कुठल्या दिवशी माणसं कमी पडतात?

ते फॉर्म देतील, ओळखीच्या दोघांची नावं मागतील, पोलीस रेकॉर्ड तपासणारी डीबीएस करायला सांगतील. स्वयंसेवकांना ती फुकट असते. यावर ‘आम्ही काय चोर आहोत का?’ म्हणून रुसून बसलेले एक काका मला माहीत आहेत. अहो, तिथे लहान मुलं असतात, एकट्या बायका असतात, आणि या लोकांना वाटेत भल्या माणसाचं सोंग घेतलेले भरपूर भेटलेले असतात. फॉर्म भरा.

खरोखरच जवळपास काहीच नसेल तर मग हॉल शोधा. चर्चचा, वाचनालयाचा, गुरुद्वाराचा चालेल. पबच्या वरचा नको. बसस्टॉपपासून चालत जाता आलं पाहिजे, तळमजला असावा, किटली लावायला जागा हवी. वेळ ठरवताना शुक्रवारची दुपार टाळा, जुम्म्याची नमाज असते. शाळेला जाणाऱ्या पोरांच्या आया तीनच्या आत निघतात. शेफील्डमध्ये ज्यांना व्हल्कन हाऊसला, म्हणजे होम ऑफिसच्या इथल्या कचेरीत, हजेरीची सही करायला जावं लागतं त्यांचा तो दिवस काळजीत जातो, त्या दिवशी त्यांच्याकडून कशाचीच अपेक्षा करू नका.

एकदा वार ठरला की मग तो मोडायचा नाही. पाऊस असो, शाळांना सुट्टी असो, गणपती असोत. या माणसांच्या आयुष्यात कुठलीच तारीख त्यांच्या हातात नसते, सगळ्या तारखा कुणीतरी पाठवलेल्या पत्रात येतात. तुमचा मंगळवार हा मंगळवारच राहिला पाहिजे. दिवाळीला मोठा कार्यक्रम करून, रांगोळी काढून, फोटो टाकून नंतर सहा महिने न फिरकणाऱ्यांपेक्षा, दर आठवड्याला येऊन कपबशा विसळणारी आमची एक नगरची काकू मला शंभर पटीने मोलाची वाटते.

काय विचारायचं नाही

इथे आपली पंचाईत होते. आपल्याकडे माणूस भेटला की पहिले प्रश्न ठरलेले: गाव कुठलं? घरी कोण कोण असतं? लग्न झालं का? मुलं किती? यात आपलेपणा आहे, उद्धटपणा नाही. पण ज्याचा भाऊ तुरुंगात आहे, ज्याची बायको कुठल्या छावणीत आहे ते त्यालाच कळेना, त्याला ‘घरी कोण कोण?’ हा प्रश्न सुरीसारखा लागतो. शिवाय ‘कसे आलात?’ याचं उत्तर त्याला होम ऑफिसच्या मुलाखतीत तपशीलवार द्यायचं असतं. एका ठिकाणी सांगितलेली तारीख दुसरीकडे बदलली तर त्याच्या खरेपणावर शंका घेतली जाते. त्यामुळे ती गोष्ट त्याने आपण होऊन काढली तर ऐका. उकरून काढू नका, लिहून ठेवू नका, घरी जाऊन नवऱ्याला सांगू नका.

मग बोलायचं काय? हवामान. इंग्रज उगाच त्यावर बोलत नाहीत. फुटबॉल. या शहरातले चढ, जे कुणालाच चुकत नाहीत. आज काय जेवलास. यादीत फक्त पहिलं नाव लिहायचं, पासपोर्ट-कागद मागायचे नाहीत, चेहऱ्याचे फोटो अजिबात नाही. इथला फोटो फेसबुकवरून तिकडच्या गावात पोचायला एक मिनिट लागतं, आणि आईबाप तिकडेच असतात.

बोलणं अडलं तर कॅरम काढा. आमच्या हॉलमधला बोर्ड एका मराठी घरातून आलेला आहे, एका कोपऱ्याचं भोक जरा ढिलं आहे, त्यात सोंगटी अडकते. पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या, की अफगाण, श्रीलंकन, बांगलादेशी हात आपोआप पुढे येतात. एक अफगाण मुलगा आहे, कुणाशी फारसं बोलत नाही. तो अंगठ्याने मारतो, समोरच्या पट्टीवर आपटून मागची सोंगटी घेतो, आणि राणी घेतली की कव्हर मिळेपर्यंत श्वास रोखून बसतो. त्या टेबलावर इंग्रजीचे पहिले शब्द शिकले जातात ते ‘माय टर्न’ आणि ‘नो, फाउल!’. शिकवणीचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

इंग्रजी शिकवायचीच असेल तर ए फॉर ॲपल नको. यांत शिक्षक असतात, इंजिनियर असतात. जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन करून वेळ कशी मागायची, ‘जरा हळू बोला’ कसं म्हणायचं, पत्रावरची तारीख कुठे असते, हे शिकवा. आपली हिंदी इथे कामी येते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाकिस्तानात वर्षं काढलेले अफगाण उर्दू बोलतात, आणि काहींना सिनेमांमुळे हिंदी येते. मोडकीतोडकी चालेल. मात्र वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे दुभाषा व्हायला जाऊ नका, आणि पोरांना तर आईबापाचा दुभाषा मुळीच करू नका. तिथे सरकारी दुभाषा फुकट मिळतो. तो मागायचा असतो, एवढं त्यांना सांगा.

पत्र वाचा, सल्ला देऊ नका

कुणीतरी खिशातून घडी केलेलं पत्र काढून तुमच्यासमोर धरेल. ‘यात असं लिहिलंय’ एवढं सांगायला हरकत नाही. ‘तू असं कर, अर्जात असं लिही’ हे सांगणं गुन्हा होऊ शकतो. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९च्या कायद्याने बंद आहे. नोंदणी बघणाऱ्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी झालं. ‘माझ्या मेव्हण्याच्या व्हिसाला आम्ही असं केलं होतं’ हा अनुभव इथे बाहेर काढायचा नाही. स्किल्ड वर्कर व्हिसा आणि आश्रयाचा अर्ज यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

पण वाचताना दोन गोष्टींवर नजर हवी. पत्र नकाराचं आहे का, आणि त्यावर तारीख कोणती. अपिलाला सहसा चौदा दिवस असतात. माणूस इंग्रजी येत नाही म्हणून पत्र आठवडाभर उशाखाली ठेवतो, आणि निम्मी मुदत तिथेच संपते. असं पत्र दिसलं की चहा बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याच्या वकिलाला फोन लावून द्या. वकील नसेल तर लीगल एडवाल्यांची, म्हणजे सरकारी खर्चाने केस घेणाऱ्या वकिलांची, यादी भिंतीवर चिकटवलेली असली पाहिजे, शेजारी असायलम सीकरना मदत करणाऱ्या मायग्रंट हेल्प या संस्थेचा नंबर. तो फोन फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

औषधांचं मी जरा जास्त सांगणार, कारण काउंटरच्या मागे मी उभी असते. जीपीकडे नाव नोंदवायला ओळखपत्र लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, व्हिसा लागत नाही. रिसेप्शनवर कुणी मागितलंच तर शांतपणे एवढंच म्हणायचं, की एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नियमात हे नाही. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या एकेका औषधाला ९.९० पौंड पडतात. तीन औषधं लिहिली की हॉटेलात ठेवलेल्या माणसाचे जवळपास तीन आठवड्यांचे पैसे संपले. म्हणून माणूस कागद घेऊन येतो, आकडा ऐकतो, ‘नंतर येतो’ म्हणतो आणि येत नाही. सरकारी आधारावर असलेल्यांना एचसी२ नावाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर औषधं, दात, डोळे तपासणं फुकट होतं. बऱ्याच जणांकडे ते असतंही, पण कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना तो कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवायला सांगा, मुदत कधी संपते ते दाखवा, आणि प्रिस्क्रिप्शनच्या मागे नेमकी कुठल्या चौकटीत खूण करायची तेही. भलत्याच चौकटीत खूण झाली तर शंभर पौंडांपर्यंत दंडाचं पत्र येऊ शकतं, आणि पत्राची भीती या लोकांना आधीच पुरेशी आहे.

स्वयंपाक

इथे आपला हात कुणी धरणार नाही. पन्नास माणसांचा शाकाहारी स्वयंपाक ही आपल्या कुठल्याही मंडळाची मजेची गोष्ट. हलालचा प्रश्न शाकाहारीने एका फटक्यात सुटतो. इरिट्रियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरच्या आधी कितीतरी आठवडे उपास धरतात. तेव्हा मांस, दूध, अंडं काही चालत नाही. तूप घातलेली खिचडीही नाही, तेव्हा तेलाची फोडणी द्या. त्यांच्याकडे भाजलेल्या डाळीच्या पिठाचं, लाल तिखट घातलेलं ‘शिरो’ असतं. आपलं पिठलंच ते, जरा पातळसर. तिखटाला घाबरू नका. तांबड्या रश्शाला इंग्रज घाम पुसतात, इरिट्रियन लोक आणखी मागतात.

कायद्याने चौदा ॲलर्जींची यादी दाखवावी लागते. त्यात मोहरी आहे, शेंगदाणा आहे, तीळ आहे, आणि डबीतल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे आपली साधी वरणाची फोडणीही पाटीवर लिहावी लागते. करणाऱ्यांपैकी एकाने तरी फूड हायजीनचं लेव्हल टू सर्टिफिकेट घ्या, ऑनलाइन थोडक्यात होतं.

आणि दर वेळी तुम्हीच वाढपी होऊ नका. हॉटेलात राहणाऱ्या बाईला महिनोन्महिने गॅसजवळ उभं राहता आलेलं नसतं. तिला कांदे चिरायला द्या, मग भाजी तिच्या पद्धतीने होऊ द्या, मीठ कमी-जास्त झालं तर झालं. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करायला असायलम सीकरना परवानगी आहे. बसभाडं, जेवण देता येतं. मोबदला, मग तो वस्तूरूपाने का असेना, देता येत नाही. आपल्या ओळखीतले रेस्टॉरंटवाले हळूच विचारतात, ‘एखादा पोरगा पाठवा ना, रोख देतो.’ ठामपणे नाही म्हणा. परवानगी नसलेला माणूस कामावर सापडला तर मालकाला पहिल्या वेळी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडला तर ६०,०००पर्यंत दंड आहे, आणि त्या पोराचा अर्ज धोक्यात येतो तो वेगळाच.

स्टेटस मिळालं की खरं काम

लोकांना वाटतं स्टेटस मिळालं, पेढे वाटा, संपलं. उलट आहे. स्टेटस मिळालं की सरकारी घर आणि भत्ता बंद व्हायची घटिका सुरू होते. ती मुदत बराच काळ अठ्ठावीस दिवसांची राहिली आहे. डिसेंबर २०२४पासून काही काळ ती छप्पन्न करून पाहिली होती. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, म्हणजे पस्तीस दिवस. अठ्ठावीस वजा पस्तीस करा. मधल्या दिवसांत माणूस राहणार कुठे आणि खाणार काय? आगाऊ रक्कम मिळते, पण ते कर्ज, पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. आनंदाचं पत्र हातात असलेली माणसं फुटपाथवर येतात ती अशी.

लॅपटॉप आणि धीर असलेल्या माणसाची गरज इथे सगळ्यात जास्त. पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारी बसून ई-व्हिसाचं, म्हणजे स्टेटसच्या ऑनलाइन नोंदीचं, खातं उघडा आणि नाव, जन्मतारीख बरोबर आली आहे का ते बघा. अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी लिहिलेली असते, तिथेच घोळ सुरू होतो. मग बँक खातं, मग युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज, मग महापालिकेत बेघर होण्याच्या बेतात असल्याची नोंद. घर जायची वाट न बघता, नोटीस हातात येताच. पासवर्ड त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात. तुमच्या फोनमध्ये नको. घरमालक डिपॉझिट आणि जामीनदार मागतात. वैयक्तिक जामीन राहण्याआधी घरात नीट बोला, त्यापेक्षा दहा-बारा कुटुंबांनी मिळून डिपॉझिटचा फिरता निधी केलेला बरा.

आपल्याच लोकांचे प्रश्न

‘आम्ही रांगेत उभे राहिलो, व्हिसाची फी भरली, वर आरोग्यसेवेसाठी दरवर्षी माणशी १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरला. यांना फुकट का?’ हे प्रत्येक मंडळात कुणीतरी म्हणतंच. तो राग खोटा नाही, ती फी मलाही चटका देते. पण यांच्यासाठी रांगच नाही. बाहेरच्या देशात बसून ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज करायचा असा व्हिसाच अस्तित्वात नाही. अर्ज इथे पोचल्यावरच करता येतो. आणि आम्हा कोल्हापूरकरांनी तर हा प्रश्न जपूनच विचारावा. १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीचे सिंधी आले आणि तिचं गांधीनगर झालं. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथेच जातो.

बाहेरचा राग मात्र जपून हाताळा. ४ ऑगस्ट २०२४ला आमच्या शेजारी रॉदरहॅमजवळ, असायलम सीकर राहत असलेल्या हॉटेलला जमावाने घेरलं, आग लावायचा प्रयत्न केला. तेव्हापासून कोण कुठे राहतं हे कुठेही लिहायचं नाही, हॉटेलचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही. शेजाऱ्यांना शंका असतील तर हॉलवर चहाला बोलवा. फेसबुकवर भांडून आजवर कुणाचं मत बदललेलं नाही.

शेवटचं, डिसेंबरचं. आपण महिनाभरासाठी भारतात जातो, आणि नेमकं तेव्हाच इथे चार वाजता अंधार होतो, ऑफिसं बंद असतात, हॉटेलात माणसं खोल्यांत बसून असतात. जाण्याच्या तीन आठवडे आधी बदली माणूस ठरवा, त्याची ओळख करून द्या, आणि परत कधी येणार ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. येताना एकट्यादुकट्यासाठी भेटवस्तू आणू नका, बाकीच्यांच्या डोळ्यांत येतं. सगळ्यांना पुरेल एवढी चिक्की आणा. शेंगदाण्याची काय, तिळाची काय, दोन्हींना पाटी लावायची आहे हे विसरू नका.